फेज डिस्प्ले लायब्ररी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटीबॉडी किंवा पेप्टाइडची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) फेज लायब्ररी, म्हणजे वेगवेगळी प्रथिनं मिरवणाऱ्या फेजांचा संग्रह, बांधायला घेतलेली मुलं-मुली जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. बहुतेक प्रश्न पॅनिंग, म्हणजे लायब्ररीतून हवे ते फेज निवडणं, फसल्यावर येतात. चूक मात्र सापडते दोन-तीन महिने मागे, लायब्ररी बांधताना टाळलेल्या एखाद्या मोजणीत. त्यामुळे इथे "मोजलं का?" हे पालुपद जरा जास्त वेळा येईल, त्याला इलाज नाही.

फेज डिस्प्ले म्हणजे नेमकं काय?

एम१३ हा ई. कोलाय जिवाणूला लागण करणारा विषाणू, म्हणजे फेज. दिसायला सुतळीच्या तुकड्यासारखा: लांबी सुमारे ९०० नॅनोमीटर, जाडी सहा-सात नॅनोमीटर. पोटात साधारण ६,४०० बेसांचा एकेरी डीएनए, अंगभर पी-८ या प्रथिनाच्या सुमारे २,७०० प्रती आणि एका टोकाला पी-३ च्या पाच. पी-३ च्या जनुकाला आपल्याला हव्या त्या प्रथिनाचं जनुक जोडलं, की ते प्रथिन फेजच्या टोकावर येऊन बसतं. दारावरची पाटी आणि घरातला मालक एकच. पाटी वाचून फेज उचलायचा, आतला डीएनए वाचला की मालकाचं नाव कळतं.

मिसुरी विद्यापीठाच्या जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं. १९९० मध्ये केंब्रिजला मॅकॅफर्टी, विंटर आणि सहकाऱ्यांनी अँटीबॉडीचा बांधणारा भाग फेजवर बसवला. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना मिळून मिळाला (उरलेला अर्धा फ्रान्सिस अर्नोल्ड यांना, एन्झाइमांच्या निर्देशित उत्क्रांतीसाठी). सांधेदुखीच्या रुग्णांना माहीत असलेलं अडॅलिम्युमॅब याच वाटेने आलं. अमेरिकेत त्याला २००२ च्या शेवटच्या दिवशी मंजुरी मिळाली.

"पॅनिंग" हा शब्द कुठून आला?

नदीची वाळू थाळीत घोळवून सोनं वेगळं काढण्यावरून. आपल्याकडे सराफ बाजारातली केरमाती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत, त्यांचंच हे काम. लक्ष्य असलेलं प्रथिन प्लास्टिकवर किंवा चुंबकी मण्यांवर चिकटवायचं, वर लायब्ररी ओतायची, न चिकटलेले फेज धुऊन टाकायचे, चिकटलेले सोडवून जिवाणूंत वाढवायचे, आणि हे तीन-चार वेळा करायचं. झारेकऱ्याचा हात कितीही सफाईदार असला, तरी मातीत सोनं असावं लागतं. हे पान त्या मातीबद्दल आहे.

नैव्ह, इम्यून की सिंथेटिक? कोणती लायब्ररी बांधू?

एकाच आजाराच्या किंवा एकाच विषाच्या मागे असाल तर इम्यून. लसीकरण झालेल्या प्राण्याच्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात चांगल्या अँटीबॉडी आधीच वाढलेल्या असतात, त्यामुळे एक-दोन कोटी क्लोनांची (वेगवेगळ्या सदस्यांची) लायब्ररीही पुरते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आपलं प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तापासून बनतं. हाफकिनचं नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे ते बरंचसं त्यामुळेच. अशा घोड्याच्या बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) म्हणजे इम्यून लायब्ररीसाठी तयार माल.

लक्ष्य दर वर्षी बदलणार असेल, किंवा ते इतकं विषारी असेल की प्राण्याला टोचणं शक्य नाही, तर नैव्ह लायब्ररी, म्हणजे त्या लक्ष्याशी कधी गाठ न पडलेल्या दात्यांच्या अँटीबॉडींची. ती मात्र मोठी हवी, दहा अब्जांच्या पुढची. ब्लॅक मांबाच्या डेंड्रोटॉक्सिनविरुद्धच्या मानवी अँटीबॉडी फेज डिस्प्लेने निवडल्या गेल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी उंदरांना वाचवल्याचं प्रसिद्ध झालं. मानवी अँटीबॉडी घोड्याच्या सीरमसारखी शरीराला परकी वाटत नाही, हा त्यातला खरा फायदा.

सिंथेटिक लायब्ररीत एकच चांगला वागणारा सांगाडा घेऊन फक्त सीडीआर, म्हणजे प्रतिजनाला भिडणारी वळणं, कृत्रिम ऑलिगोंनी (डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) बदलतात. त्यासाठी कुंकेल पद्धत अजून माझ्या आवडीची आहे: सीजे२३६ या जिवाणूत युरासिल असलेला एकेरी डीएनए बनवायचा, त्यावर ऑलिगो बसवून नवा धागा विणायचा आणि साध्या जिवाणूत सोडायचा. तो जिवाणू युरासिलवाला जुना धागा स्वतःच मोडतो. मूळ सांगाड्याच्या सीडीआरमध्ये आधीच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारा तीन बेसांचा संकेत) घालून ठेवा, म्हणजे न बदललेला क्लोन अँटीबॉडी दाखवूच शकणार नाही.

उंटाच्या कुळातल्या प्राण्यांकडे हलकी साखळी नसलेल्या अँटीबॉडी असतात (१९९३ मध्ये ब्रसेल्सला उजेडात आल्या). त्यांचा एकच डोमेन, व्हीएचएच, फेजवर सुखाने बसतो आणि दोन साखळ्यांच्या जोड्या लावण्याची कटकट राहत नाही. राजस्थानात ओळख असेल तर विचार करा.

पन्नास मिलीलिटर रक्तातून दहा अब्जांची लायब्ररी होईल का?

कॉलन्या दहा अब्ज होतील, वैविध्य नाही. हिशोब करा. ५० मिलीलिटर रक्तात साधारण ५ ते १० कोटी पीबीएमसी (एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) मिळतात. त्यात बी-पेशी दहा टक्क्यांच्या आसपास धरल्या तर ५० लाख ते १ कोटी. म्हणजे जड साखळ्यांचे वेगळे क्रम यापेक्षा जास्त असूच शकत नाहीत, आणि आरएनए काढण्यापासून सीडीएनएपर्यंत (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएपर्यंत) गळती होतेच. जड आणि हलक्या साखळ्यांची सरमिसळ केल्यावर जोड्या अफाट होतात, आणि लेखांतल्या मोठ्या आकड्यांचा बराचसा फुगवटा तिथून येतो. नैव्ह लायब्ररीला ही सरमिसळ चालते. इम्यूनमध्ये मात्र निसर्गाने जुळवलेली जोडी मोडल्याची किंमत द्यावी लागते.

म्हणून नैव्हसाठी अनेक दाते घ्या आणि आयजीएमचा (सुरुवातीच्या प्रकारच्या अँटीबॉडीचा) प्रायमर, म्हणजे पीसीआरला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, वापरा. मानवी जड साखळीच्या सात कुटुंबांचे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) वेगवेगळ्या नळ्यांत चालवा आणि नंतर मिसळा. सगळे प्रायमर एकाच नळीत टाकले, तर जे कुटुंब सहज वाढतं तेच सगळी पंगत बळकावतं. चक्रं जमतील तितकी कमी. उत्पादन कमी पडलं तर नळ्या वाढवा, चक्रं नाही.

पेप्टाइडसाठी एनएनके कोडॉन का सांगतात?

तिन्ही जागी चारही बेस ठेवले, म्हणजे एनएनएन, तर ६४ कोडॉन आणि त्यात तीन स्टॉप. तिसऱ्या जागी फक्त जी किंवा टी ठेवले, म्हणजे एनएनके, तर ३२ कोडॉन, विसाच्या वीस अमिनो आम्लं आणि एकच स्टॉप: टीएजी. बारा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये एकही स्टॉप न येण्याची शक्यता एनएनएनमध्ये ५६ टक्के, एनएनकेमध्ये ६८. शिवाय टीजी१ किंवा एक्सएल१-ब्लूसारखे जिवाणू टीएजीला बऱ्याचदा ग्लुटामिन म्हणून वाचतात, त्यामुळे उरलेलेही सगळेच फुकट जात नाहीत.

तरी समान वाटप होत नाहीच. ल्युसीन, सेरीन आणि आर्जिनीनला तीन-तीन कोडॉन, ट्रिप्टोफॅन किंवा मेथिओनीनला एकेक. बजेट असेल तर ट्रायमर, म्हणजे आख्खे कोडॉन जोडून बनवलेले ऑलिगो मागवा.

सात अमिनो आम्लं बरी की बारा?

वीसचा सातवा घात म्हणजे १२८ कोटी. एक अब्ज क्लोनांच्या लायब्ररीत सप्तकांचा बराचसा भाग येतो. सगळे क्रम सारख्याच शक्यतेचे मानले, तर जितके क्रम तितकेच क्लोन घेतल्यावर ६३ टक्के क्रम निदान एकदा येतात. ९५ टक्के हवे असतील तर तिप्पट क्लोन लागतात. बारासाठी हाच आकडा चार हजार लाख कोटींवर जातो, आणि त्यातला नगण्य अंश तुमच्या हाती असतो. पण बाराच्या आत सहा-सातचे तुकडे अनेक जागी बसू शकतात, शिवाय लांब पेप्टाइडला वळायला वाव मिळतो. दोन सिस्टिनांच्या मध्ये सात ठेवून वळं केलं तर आकार पक्का राहतो आणि बऱ्याचदा बांधणी घट्ट होते. लक्ष्याबद्दल काहीच माहिती नसेल तर मी वळ्यापासून सुरुवात करतो.

फेज वेक्टर घेऊ की फेजमिड?

छोट्या पेप्टाइडला फेज वेक्टर, म्हणजे फेजचा पूर्ण जनुकसंच. पाचही पी-३ वर पेप्टाइड येतं, त्यामुळे हलके बांधणारेही पकडले जातात.

अँटीबॉडीला फेजमिड, म्हणजे फेजात भरता येणारं प्लाझमिड (डीएनएचं छोटं वेटोळं): पीहेन१, पीकॉम्ब३एक्स अशांपैकी. फेजमिडमध्ये फक्त पी-३ चा संकर असतो, बाकी सगळा संसार एम१३केओ७ किंवा व्हीसीएसएम१३ हा मदतनीस फेज पुरवतो. मदतनीसाचा स्वतःचा पी-३ ही सोबत असल्यामुळे बहुतेक कणांवर अँटीबॉडी नसतेच. त्यांना लॅबमध्ये टकले म्हणतात. मोजलेल्या एक लाख कोटी कणांत टकलेच जास्त, हे डोक्यात ठेवून गणित करा. उरलेल्यांवर बहुधा एकच प्रत असते आणि ते हवंच आहे, कारण तेव्हा एकेका अँटीबॉडीची खरी पकड तपासली जाते.

एससीएफव्ही (दोन्ही साखळ्यांचे बांधणारे भाग एका दुव्याने जोडलेले) की फॅब (अँटीबॉडीचा अख्खा बाहू)? एससीएफव्ही लहान, साधारण ७५० बेसांचा, बांधायला सोपा, पण एकमेकांना चिकटून जोड्या करतो. फॅब जड, पण पुढे आयजीजी (पूर्ण अँटीबॉडी) करताना कमी दगा देतो.

लायगेशनमध्ये काय जपायचं?

लायगेशन म्हणजे अँटीबॉडीचं जनुक वेक्टरला जोडणं. त्याआधी दोन्ही कापायला एसएफआय-वन वापरा. हा एन्झाइम मानवी अँटीबॉडीच्या जनुकांत क्वचितच कापतो, आणि दोन्ही टोकं वेगळी ठेवता येतात, त्यामुळे वेक्टर स्वतःलाच जुळत नाही. तो ५० अंशांना चालतो. ३७ वर ठेवून "एन्झाइम मेला" म्हणत आलेले दोघे-तिघे मी पाहिले आहेत. वेक्टरमध्ये मोठा भरणा तुकडा ठेवा, म्हणजे न कापलेला वेक्टर जेलवर वेगळा दिसेल. आणि फक्त वेक्टर असलेलं लायगेशन सोबत लावाच. त्याच्या प्लेटवर लायब्ररीच्या दहा टक्क्यांहून जास्त कॉलन्या आल्या, तर पुढे जाऊ नका.

इलेक्ट्रोपोरेशनला "फट्" आवाज आला. आता?

विजेचा झटका देऊन डीएनए पेशींत घुसवायची ती छोटी कुपी, म्हणजे क्युवेट, वाया गेली. लायगेशनमधलं मीठ राहिलं, की वीज ठिणगी होऊन उडते. डीएनए कॉलमवर स्वच्छ करा आणि शेवटी शुद्ध पाण्यातच घ्या, बफरमध्ये नाही. क्युवेट आणि पेशी बर्फात, क्युवेटच्या बाहेरचं पाणी टिश्यूने कोरडं, आत एकही बुडबुडा नाही. दोन मिलिमीटरच्या क्युवेटला अडीच किलोव्होल्ट, २०० ओम, २५ मायक्रोफॅराड. टाइम कॉन्स्टंट ४.५ मिलिसेकंदांच्या वर यायला हवा. पल्स दिल्यावर लगेच कोमट एसओसी (पोषक माध्यम) घाला. फोन वाजला तर वाजू दे. अर्ध्या मिनिटाच्या उशिरानेही पेशी मरतात.

पेशींच्या पाकिटावरची कार्यक्षमता अखंड, गुंडाळलेल्या प्लाझमिडची असते. लायगेट केलेल्या डीएनएला त्याच्या दहावा किंवा शंभरावा हिस्सा मिळाला तरी बरं. म्हणून आधी एका क्युवेटची चाचणी घ्या, आकडा काढा, आणि त्यावरून दहा लागतील की पन्नास ते ठरवा. सगळा डीएनए एका दिवशी पणाला लावू नये.

लायब्ररी किती मोठी झाली, हे कसं ठरवायचं?

समजा सगळे क्युवेट मिळून २५ मिलीलिटर झाले. त्याचं एक लाखपट विरळ द्रावण केलं, त्यातले १० मायक्रोलिटर प्लेटवर टाकले आणि सकाळी ४० कॉलन्या मोजल्या. म्हणजे मिलीलिटरला ४० कोटी, एकूण १० अब्ज. छान वाटतं. आता कात्री लावा. एसओसीत तासभर ठेवताना काही पेशी दुप्पट झाल्या, म्हणून खरा आकडा निम्म्यापर्यंत असू शकतो. चोवीस कॉलन्यांचा पीसीआर केला, अठरांत पूर्ण लांबीचा तुकडा. त्या सिक्वेन्स केल्या, दर पाचांत चार चौकटीत, म्हणजे कोडॉन न घसरता वाचले जाणारे. ०.७५ गुणिले ०.८, म्हणजे ६० टक्के. दहा अब्जांचे सहा झाले, दुप्पट होणं धरलं तर तीन. प्रबंधात हा तीन ते सहाचा आकडा लिहा. दहा अब्जांच्या कचऱ्यापेक्षा एका अब्जाची निकोप लायब्ररी मी कधीही घेईन.

एनजीएस (एकाच वेळी लाखो क्रम वाचणं) परवडत असेल तर जरूर करा, पण तो पुनरावृत्ती आणि कल दाखवतो. दहा अब्जांची मोजदाद तो करू शकत नाही.

लायब्ररी साठवताना वैविध्य कसं टिकतं?

इथली चूक माझी स्वतःची आहे. विद्यार्थी असताना उणे ८० मधून लायब्ररीची नळी काढली आणि नेहमीच्या प्लाझमिडसारखी लूपने जराशी खरवडून माध्यमात टाकली. रात्रभर छान वाढली. पुढचे चार महिने वेगवेगळ्या लक्ष्यांवर तेच ते क्लोन येत राहिले. लूपच्या टोकावर जेमतेम काही लाख पेशी आल्या असणार. एक अब्जाची लायब्ररी मी एका सकाळी काही लाखांवर आणून ठेवली होती, आणि वाढ इतकी छान दिसत होती की शंकाही आली नाही.

नियम असा: प्रत्येक टप्प्यावर वैविध्याच्या किमान दहापट पेशी हातात हव्यात. ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) १ म्हणजे मिलीलिटरला सुमारे ८० कोटी पेशी. एक अब्जाच्या लायब्ररीला दहा अब्ज पेशी लागणार. ओडी ०.१ पासून सुरुवात करायची तर १२५ मिलीलिटर कल्चर. दहा अब्जांची असेल तर सव्वा लिटर. फ्लास्क छोटा आहे म्हणून गणित छोटं होत नाही.

ट्रान्सफॉर्मेशननंतर शक्यतो मोठ्या चौकोनी प्लेटांवर वाढवा, कारण द्रव माध्यमात चपळ क्लोन आळशांना मागे टाकतात. २ टक्के ग्लुकोज घाला, त्याने लॅक प्रमोटर (अँटीबॉडीचं जनुक चालू करणारी कळ) दबून राहतो आणि विषारी अँटीबॉडी बनवणारे बिचारे क्लोन टिकतात. मग खरवडून १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये, छोट्या छोट्या नळ्यांत. एक नळी एकदाच वितळवायची. दोन फ्रीजरमध्ये ठेवा, आणि दोन्ही एकाच वीजजोडणीवर नकोत.

फेज तयार होत नाहीत, किंवा टायटर (मिलीलिटरमागे फेजांची संख्या) फार कमी आहे.

पहिला संशय पिलसवर. एम१३ जिवाणूच्या एफ-पिलस या केसासारख्या धाग्यावरूनच आत शिरतो. टीजी१ किमान माध्यमावर जपलेला नसेल तर एफ-प्लाझमिड गळून पडतं. एक्सएल१-ब्लूला टेट्रासायक्लिन लागतं. पेशी ३७ अंशांवर, ओडी ०.४ ते ०.५ च्या दरम्यान हव्यात. लागण करताना अर्धा तास न हलवता ठेवा, जोरात हलवलं की पिलस तुटतात. दर पेशीमागे वीसेक मदतनीस फेज. मग पेशी खाली बसवून ग्लुकोज नसलेल्या माध्यमात घ्या, अँपिसिलिन आणि कॅनामायसिन घालून रात्रभर ३० अंशांवर. ग्लुकोज काढायला विसरणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. फेज भरपूर मिळतात, सगळे टकले. सकाळी २० टक्के पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि अडीच मोलर मीठ, बर्फात तासभर, की पांढरा साका खाली बसतो.

तीन फेऱ्या झाल्या, टायटर वाढला, पण क्लोन लक्ष्याला बांधतच नाहीत.

ते दुसऱ्या कशाला तरी बांधत आहेत. एचपीक्यू हा क्रम दिसला तर स्ट्रेप्टाव्हिडिन (मण्यांवरचं, बायोटिन पकडणारं प्रथिन). ट्रिप्टोफॅनची गर्दी दिसली तर प्लास्टिक. एचएआयवायपीआरएच हे सप्तक तर इतक्या वेगवेगळ्या लक्ष्यांवर "सापडलं" आहे, की अखेर त्या क्लोनच्या जनुक-२ च्या आधीच्या भागात एक बदल निघाला: तो कशालाच खास बांधत नव्हता, फक्त इतरांपेक्षा भराभर वाढत होता.

उपाय: दर फेरीत आधी नुसत्या मण्यांवर लायब्ररी घोळवून चिकटे काढून टाका. ब्लॉकिंग (उरलेली चिकट जागा झाकणं) आलटून पालटून, एकदा दूध पावडर, एकदा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). बायोटिन लावलेलं लक्ष्य असेल तर दूध नको, दुधात स्वतःचंच बायोटिन असतं. आणि पहिल्या फेरीत हात हलका ठेवा. एक अब्जाच्या लायब्ररीचे एक लाख कोटी फेज टाकले तर प्रत्येक क्लोनच्या हजारच प्रती असतात, त्यातही बहुतेक टकले. पहिल्याच फेरीत वीस वेळा धुतलं, तर सोनं नाल्यात. कडक धुणं तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.

फेजवर बांधणारं पेप्टाइड सिंथेसाइझ केल्यावर बांधत नाही, असं का?

बहुतेक वेळा पाच प्रतींची एकत्रित पकड होती, एकेकाची पकड मायक्रोमोलर. दुसरं कारण म्हणजे पेप्टाइडचं मागचं टोक फेजवर मोकळं नसतं, पी-३ ला जोडलेलं असतं. मागवताना त्या टोकाला ग्लायसीन-ग्लायसीन-ग्लायसीन-सेरीन जोडून टोक अमाइड करून घ्या, पुढचं टोक मोकळं ठेवा. बायोटिन लावायचं असेल तर तेही मागच्याच टोकाला.

परवानग्या लागतात का?

लागतात. जनुकं जोडलेले जिवाणू म्हटल्यावर संस्थेची जैवसुरक्षा समिती. माणसाचं रक्त असेल तर नैतिकता समिती आणि दात्याची लेखी संमती, प्राण्यांसाठी प्राणी नैतिकता समिती. अर्ज आधी करा, ऑलिगो नंतर मागवा.

सगळ्या लॅबमध्ये फेज पसरले आहेत असं वाटतं.

वाटत असेल तर बहुधा पसरले आहेतच. एम१३ जिवाणूला मारत नाही, फक्त मंदावतो, म्हणून तो दिसत नाही. दर वेळी फेज न घातलेल्या टीजी१ ची एक प्लेट लावा. तिच्यावर अँपिसिलिनमध्ये कॉलनी आली, तर पिपेटपासून चौकशी सुरू करा. फिल्टर टिप, फेजसाठी वेगळे पिपेट, ओट्यावर रोज ताजं ब्लीच. अल्कोहोलने पुसून समाधान मानू नका. पेशी तयार करण्याची खोली आणि फेज वाढवण्याची खोली वेगळी ठेवा, आणि सकाळी आधी पेशींचं काम, मग फेजचं. उलट क्रमाने जाणाऱ्याला आमच्याकडे आठवडाभर चहा पाजावा लागतो.

इतकं सगळं करण्यापेक्षा तयार लायब्ररी घेऊ का?

पेप्टाइडसाठी खुशाल घ्या. पीएच.डी.-१२ नावाचं किट मिळतं, नाव ऐकून दर बॅचला एकदा हशा होतोच. त्यातल्या फेजचे डाग एक्स-गॅल या रसायनावर निळे येतात, त्यामुळे बाहेरून घुसलेला साधा एम१३ पांढरा उठून दिसतो. अँटीबॉडीची नैव्ह लायब्ररी एखाद्या गटाकडून मिळत असेल तर करारातल्या अटी आधी वाचा: निघालेल्या क्लोनचा हक्क कुणाचा, आणि पुढे दुसऱ्याला देता येईल का. इम्यून लायब्ररी मात्र स्वतःच बांधावी लागते. तुमच्या घोड्याचं रक्त दुसऱ्या कुणाच्या फ्रीजरमध्ये नसतं. दोन-तीन महिने धरा, त्यातले पहिले सहा आठवडे फक्त पीसीआर, जेल आणि चाचणीच्या क्युवेटांत जातील.